डायनाच्या जन्माची बाटली

व्हेरोनिकाच्या स्वयंपाकघरात दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी टांगलेली असत. एक चर्चमधून मिळालेलं, सणांचं आणि संतांचं. दुसरं बाजारातून आणलेलं, तिथींचं. नवे फादर पहिल्यांदा घराला आशीर्वाद द्यायला आले तेव्हा त्यांनी दुसऱ्याकडे बघून भुवई वर केली. व्हेरोनिका म्हणाली, "फादर, ते पहिलं आत्म्यासाठी, हे दुसरं वाईनसाठी. एकाच भिंतीवर नांदतात, अजून भांडण झालेलं नाही."

तिथींचं कॅलेंडर लागायचं ते पाणी काढायला. जांभळाच्या वाईनमध्ये निम्मं पाणीच असतं, आणि वसईकडच्या पापडी गावच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी सगळ्या दिवसांत सारखं नसतं. समुद्र तिथून चालत अर्ध्या तासावर. दिसत नाही, पण जमिनीखालून त्याचं जाणं-येणं चालू असतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण आलं की विहिरीचं पाणी जरा जड होतं, डाळ शिजायला वेळ घेते. अष्टमीला भांग असते, म्हणजे भरती-ओहोटी मंदावते, दर्या थकलेला असतो, तेव्हा पाणी हलकं. म्हणून वाईनचं पाणी अष्टमीला काढायचं, तेही ओहोटी सरता सरता, आणि रहाटाने. पंप लावला की पाणी तळातून येतं, रहाटाचा पोहरा वरचं गोड पाणी उचलतो. हे सगळं व्हेरोनिकाला तिच्या सासूने शिकवलं होतं. सासूला सही करता येत नव्हती, पण दर्या कधी कुठे आहे ते ती भात निवडता निवडता सांगायची.

व्हेरोनिकाचं माहेर उमेळ्याचं. तिकडची जमीन काळी, चिकट, पाय घातला की चप्पल ठेवून घेणारी. तिकडची वाईनही तशीच, जाड, घशात बसणारी. पापडीची माती वाळूमिश्रित. पाऊस पडला की ती पिऊन घेते आणि झाडाला घोट घोट देते. दुपारी पश्चिमेचा वारा वाडीत शिरला की वैशाखातही जांभळाच्या सावलीत अंगावर काटा यायचा. त्या गारव्यात फळ घाई न करता पिकायचं. त्याची वाईन पातळ, लालचुटूक, आणि पोटात गेल्यावर दोन मिनिटांनी आठवण करून देणारी. नवी नवरी होती तेव्हा व्हेरोनिकाने माहेरच्या बायकांना तोंडावर सांगितलं होतं, "तुम्ही गाळल्यावर वरून साखर घालता. वाईनला साखर घालणं म्हणजे काळ्या तोंडाला पावडर फासणं." त्या बायकांनी पुढची पाच वर्षं तिला बारशाला बोलावलं नाही. पण वाईन मात्र मागवली.

तर अशी ही बाई. वय एकाहत्तर, चौथी नापास. वसईपासून उमेळ्यापर्यंत लग्न असो, नामकरण असो, तिच्या बाटल्यांशिवाय टेबल मांडलं जात नसे. बावखलाच्या काठावर सात जांभळं उभी होती, तेच तिचं राज्य. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. सासऱ्यांच्या आज्याने सहा घरांच्या माणसांना घेऊन हातांनी खणलेलं. पावसाचं पाणी त्यात साठायचं आणि वर्षभर आजूबाजूच्या विहिरींना पोसायचं. म्हणून ते सहाही घरांच्या समाईक मालकीचं.

पहिलं काहीतरी बिनसलं ते वाऱ्याचं. वाडीच्या पश्चिमेला एक उंच इमारत उभी राहिली. ती पुरी झाली त्या उन्हाळ्यात दुपारचा वारा आला आणि इमारतीला टेकून बसला. वाडीत पानसुद्धा हलेना. बरण्यांच्या खोलीत एरवी तोंडाला फडकं बांधून एकवीस दिवस शांत झोपणारी वाईन तेराव्याच दिवशी फसफसून उतू गेली. व्हेरोनिकाने फरशी पुसली आणि म्हणाली, "एवढी घाई कसली गं तुला? कुठे लोकल पकडायचीय?" सून बेला हसली. व्हेरोनिका हसली नाही. पुसताना तिने बोट चाटलं होतं.

त्या वर्षी तिला पहिल्यांदा ते लागलं. जिभेच्या कडेला, अगदी मागे, घोट गेल्यावर. डोळ्यातलं पाणी ओठांपर्यंत यावं तसं.

तिने पुन्हा चाखलं. गेलं. पुन्हा चाखलं. होतं.

आता गंमत अशी की त्याच वर्षी डॉक्टरने तिचं मीठ तोडलं होतं. ब्लडप्रेशर. बिनमिठाची पेज, बिनमिठाची भाजी, लोणच्याकडे नुसतं बघायचं. व्हेरोनिकाने विचार केला, जीभ उपाशी आहे, तिला सगळीकडे मीठच दिसणार. विधवेला स्वप्नात नवरा दिसतो तसं. कुणाला सांगायचं नाही. चवीवर जिचं नाव चालतं तिने जीभ गेली म्हणून सांगितलं, तर उरलं काय?

मग तिने तेच केलं जे उमेळ्याच्या बायका करायच्या. दुपारी सगळे झोपले असताना गाळलेल्या वाईनमध्ये दोन ओंजळी साखर घातली, लाकडी डावाने ढवळली, आणि चाखली. कडेची ती चव झाकली गेली. त्या नाताळात सगळे म्हणाले, "व्हेरोनिकामावशी, या वर्षी तर काय, अमृत!" पुढच्या वर्षी तीन ओंजळी लागल्या. त्याच्या पुढच्या वर्षी चार. दर वर्षी लोक म्हणत, आणखी गोड झाली. आणि दर वर्षी ती कपाळावर क्रूस काढून म्हणे, बाबा, माझी जीभ नेलीस ती नेलीस, निदान कुणाला कळू देऊ नकोस.

यंदा डायनाचं लग्न ठरलं. डायना म्हणजे व्हेरोनिकाच्या मुलाची, आग्नेलची एकुलती एक लेक. अंधेरीला नोकरी, आठवडाभर तिकडेच मैत्रिणींसोबत राहायची आणि रविवारी मिस्साला घरी. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी लग्न. त्यात एक गोष्ट ठरलेली होती. डायना जन्मली त्या वर्षीची, सव्वीस वर्षांपूर्वीची एक बाटली. न्हाणीच्या मागे ओल्या वाळूत पुरून ठेवलेली, बुचावर मेण. या घराची रीतच ती. मूल जन्मलं की त्या वर्षीची एक बाटली पुरायची आणि लग्नाच्या दिवशी नवरा-नवरीने तिचा पहिला घोट घ्यायचा. आग्नेलची तशीच फुटली होती. व्हेरोनिकाला दोन मुली होत्या, त्यांच्याही फुटल्या. आता वाळूत एकच उरली होती.

लग्नाचा मांडव कुठे घालायचा, तिथून ही गोष्ट सुरू झाली.

"अंगण पुरणार नाही," आग्नेल म्हणाला. "चारशे माणूस. गाड्या कुठे लावणार?"

"बावखल आहे ना," शेल्डन म्हणाला. शेल्डन हा शेजारच्या घरातला, आग्नेलच्या चुलतभावाचा मुलगा, पण सगळ्या वाडीसारखा तिला मावशीच म्हणणारा. गोड बोलणारा. इतका गोड की त्याच्या चहात साखर कशाला, असं व्हेरोनिका म्हणे. "त्या इमारतवाल्यांचं तळघर खणून निघालेली माती पडून आहे. फुकट देतायत. आठ दिवसांत बुजवून सपाट. डायनाचं लग्न तिथेच, आणि नंतर सगळ्यांना रस्ता. सहा घरांच्या सह्या झाल्या की झालं."

"आणि माझी जांभळं?"

"जांभळं राहणार मावशी! लाइटिंग करू त्यांच्यावर."

व्हेरोनिकाच्या मनात आलं, जांभळांना लाइटिंग. मेलेल्या माणसाला मेकअप करतात तसं.

दसरा झाला की दिनानाथ यायचा. तो खाडीकडच्या मिठागराचा माणूस, व्हेरोनिकाच्या नवऱ्याचा जुना दोस्त. नवरा गेला तरी दिनानाथचं येणं थांबलं नव्हतं. नवरात्र संपलं की एक पुडी सुकट घेऊन यायचा आणि एक बाटली घेऊन जायचा. मधली चार वर्षं तो लेकीकडे पेणला होता, गुडघ्यांचं काही. यंदा परत आला. बाकी सगळ्यांची वाईन गोड केली तरी दिनानाथची एक बाटली व्हेरोनिका सवयीने बिनसाखरेची ठेवायची, कारण पूर्वी कधी उमेळ्याची गोड वाईन पुढे केली की तो म्हणायचा, "वयनी, ही बायकांना द्या."

ओटीवर बसून त्याने पेला तोंडाला लावला. एक घोट. मग पेला खाली ठेवला.

"काय झालं? लेकीकडे राहून दारू सोडलीत काय?"

दिनानाथने ओठ चाटले, पुन्हा चाटले. त्याने चाळीस वर्षं बोट बुडवून पाणी चाखलं होतं. कुठल्या वाफ्यात मीठ कधी धरणार ते सांगायचं, हेच त्याचं काम.

"वयनी, पानी कुठलं घातलंव?"

"आमचंच. विहिरीचं. अष्टमीचं."

"अष्टमीचं?" तो म्हणाला. "भांगेचं पानी असं?"

व्हेरोनिकाचा हात पदराकडे गेला. "माझी जीभ गेलीय म्हणून मला वाटलं. तुम्हालाही लागतंय?"

"तुमची जीभ गेली नाय, वयनी. तुमचीच तेवढी राहिलीय."

मग त्याने पितळेच्या दोन परातींची मागणी केली. एकीत छपराखालच्या पिंपातलं पावसाचं पाणी, तांब्याभर. दुसरीत विहिरीचं, तेही तांब्याभर. दोन्ही परड्यातल्या चौथऱ्यावर उन्हात ठेवल्या. ऑक्टोबरचं ऊन, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी उडून गेलं. दिनानाथ पुन्हा आला. पावसाच्या परातीत धुळीची बारीक रेघ होती. विहिरीच्या परातीत कडेने गोल पांढरं कडं. त्याने नखाने खरवडलं आणि व्हेरोनिकाच्या तळहातावर ठेवलं.

"थोडा पापुद्रा कुठलंबी पानी ठेवतं. पन चाखा."

तिने चाखलं. चार वर्षं जी चव तिने आपल्या म्हातारपणाच्या नावावर टाकली होती, ती तळहातावर पडलेली होती. पांढरी.

"पाऊस नुकताच संपलाय," दिनानाथ म्हणाला. "विहिरी भरल्यात. आत्ता एवढं, तर मे महिन्यात काय असेल? खाली खारं पानी बसलेलं असतं, वयनी. वरून गोड्याचा भार असतो म्हणून ते दबून राहतं. भार गेला की उठतं. ह्या बाजूची दोन बावखलं बुजवली ना?"

"पाच वर्षं झाली."

"आनि ते इमारतवाले पंप मारतायत. आता हे तिसरं बुजवलं की झालं. आमी मिठागरात जे करतो, ते तुमी वाडीत कराल. फक्त तुमच्या मिठाला गिऱ्हाईक नाय मिळणार."

तो हसला. मग तोंड पुसून म्हणाला, "एक सांगतो. मीठ आलं की मागं जात नाय. सावकाश येतं. पाहुन्यासारखं, आधी ओटीवर, मग माजघरात."

त्या रात्री व्हेरोनिकाने रोजरी म्हटली, पण मण्यांवर बोटं फिरत राहिली आणि मन परड्यात. ती चार वर्षं काय करत होती ते तिला आता समजलं होतं. झाडं सांगत होती, पाणी सांगत होतं, बरणी सांगत होती. आणि ती प्रत्येकाच्या तोंडात साखरेची ओंजळ कोंबत होती.

रविवारी मिस्सानंतर सहाही घरांची माणसं व्हेरोनिकाच्या ओटीवर जमली. शेल्डनने संमतीपत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आणलं होतं. बेलाने पॅटिस आणि चहा फिरवला. शनिवारीच तीन डंपर शेल्डनच्या बाजूने बावखलाच्या कोपऱ्यात माती टाकून गेले होते. "नुसती ठेवलीय," शेल्डन म्हणाला, "घातली नाही." त्या कोपऱ्यातलं पाणी लालसर, गढूळ झालं होतं आणि एक पाणकोंबडी मातीच्या ढिगावर उभी राहून आपलं घर शोधत होती.

पाच घरांना हरकत नव्हती. एरॉल तेवढा कुरकुरला. तो पलीकडच्या घरातला, साठीचा, शाळेत शिकवून निवृत्त झालेला.

"बावखल गेलं की विहिरी खारट होतात असं म्हणतात," एरॉल म्हणाला. "लिहिणारे लिहितात, पेपरात येतं."

"एरॉलकाका, पेपरात काय, आपला मृत्यूही येतो," शेल्डन म्हणाला. सगळे हसले. "दोन बावखलं बुजवून पाच वर्षं झाली. कुणाची विहीर खारट झाली? हात वर करा."

कुणाचा हात वर गेला नाही.

"पाण्याची परीक्षाच करायची तर लॅब कशाला?" आग्नेल म्हणाला. त्याच्या आवाजात लग्नाची घाई होती, आणि आईचा अभिमानही होता. "आमच्या आईची वाईन बघा. निम्मं पाणी असतं त्यात. पाणी बिघडलं असतं तर वाईन बिघडली नसती? उलट दर वर्षी आणखी गोड होतेय!"

"बरोबर!" कुणीतरी म्हणालं. "व्हेरोनिकामावशीची वाईन म्हणजे सर्टिफिकेट."

आग्नेलने पेन उचललं.

व्हेरोनिका दाराच्या चौकटीत उभी होती. तिला आत काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, विहिरीची कड ढासळते तसं. दोनच शब्द बोलायचे होते आणि ते बोलले की इतक्या वर्षांचं नाव गेलं. ती डायनाकडे बघत राहिली. डायना पायरीवर बसून मोबाईलवर मांडवाच्या डिझाइन बघत होती.

"थांब आग्नेल," ती म्हणाली. "मी साखर घालते."

"काय?"

"गाळल्यावर. चार वर्षं. या वर्षी पाच ओंजळी. पाणी खारट झालंय. मी झाकत होते."

 मग शेल्डन हसला. "मावशी, बीपीची गोळी घेतली का सकाळी?"

"घेतली. तुलाही एक देऊ का?"

आग्नेलचं तोंड लाल झालं. "आई, लोकांसमोर काय हे? तुझी वाईन, तूच..."

"आणते," म्हणून ती आत गेली आणि दिनानाथची बाटली घेऊन आली, एक घोट कमी असलेली. प्रत्येकाच्या कपात चमचा-चमचा ओतली. "ही बिनसाखरेची. चाखा."

सगळ्यांनी चाखली. जिभा टाळूला लावल्या. एकमेकांकडे बघितलं.

"छान आहे," आग्नेल म्हणाला, आणि त्याला बरं वाटलेलं दिसलं.

"थोडी आंबटसर, पण मस्त," बेला म्हणाली.

"खारट कुठेय?" एरॉलसुद्धा म्हणाला. बिचारा शोधत होता, मनापासून. "मला तर नाही लागत."

 व्हेरोनिकाने पाहिलं, एक, दोन, तीन, अठरा माणसं. सगळी चव घेत होती, सगळ्यांचा चेहरा प्रामाणिक होता. कुणी खोटं बोलत नव्हतं. ते सगळे त्याच विहिरींचं पाणी पीत होते, त्याच पाण्याचा चहा घेत होते, त्याच पाण्यात डाळ शिजवत होते, आणि मीठ रोज इतकं थोडं वाढत गेलं होतं की जिभा त्याच्याबरोबर चालत चालत इथपर्यंत आल्या होत्या. त्यांना खारट लागत नव्हतं कारण पाणी असंच असतं असं त्यांना वाटत होतं. दिनानाथचं मीठ ओटीवरून माजघरात कधीच गेलं होतं. ते आता जिभेवर बसून चहा पीत होतं.

"झालं समाधान?" शेल्डन म्हणाला आणि फोल्डर पुढे सरकवला.

व्हेरोनिका न्हाणीच्या मागे गेली. खुरपं घेतलं. वाळू ओली, गार होती. सव्वीस वर्षं तिने तिथे दर उन्हाळ्यात पाणी शिंपडलं होतं. बाटली हाताला लागली तेव्हा तिने एकदा वर पाहिलं. जांभळांच्या फांद्यांमधून इमारतीच्या खिडक्या दिसत होत्या.

ती ओटीवर आली तशी डायना ताडकन उठली. "आजी! ती माझी आहे!"

"तुझीच आहे. म्हणून तुला विचारते. फोडू?"

"लग्नाआधी? आई गं, मग लग्नाला काय?"

"लग्नाला काय ते मला माहीत नाही. पण ही बाटली भरली तेव्हा या वाडीत बावखलं तीन होती आणि वारा होता. त्या पाण्याची साक्ष दुसरं कुणी देणार नाही, बये. माझी तर आता चालत नाही."

डायना आजीकडे पाहत राहिली. मग बाबाच्या हातातल्या पेनाकडे. तिला बहुतेक राग आलेला होता, डोळ्यांत पाणीही होतं. "फोड," ती म्हणाली. "पण पहिला चमचा मला."

मेण खरवडलं, बूच निघालं. वास असा आला की एरॉलने डोळे मिटले. रंग उतरून विटेसारखा झाला होता. व्हेरोनिकाने डायनाला पहिला चमचा दिला, मग सगळ्यांना. साखर नव्हती त्यात. तुरट होती, थोडी कडवट, पण घोट गेल्यावर तोंड रिकामं, स्वच्छ राहिलं. पाटी पुसल्यासारखं.

"आता," ती म्हणाली, "पुन्हा नवी घ्या."

मगाशी तिने नुसती नवी दिली होती, तिथेच चुकलं होतं. आधी जुनी, मग नवी.

पहिली डायना. तिने नव्या बाटलीचा चमचा तोंडात घेतला आणि हात ओठांवर दाबला. मग बेला. मग एरॉलने घोट घेतला आणि पायरीवरून खाली तुळशीच्या आळ्यात थुंकला. शेजारच्या हिंदू घरातून आणलेली ती तुळस, खोकल्याला चहात टाकायला लावलेली. "अरे देवा," तो म्हणाला. "अरे देवा. हे आम्ही रोज पितोय?"

 आग्नेलने चमचा तोंडात तसाच धरून ठेवला होता. लहान मूल औषध धरून ठेवतं तसा. मग गिळला.

शेवटी शेल्डन. त्याने घेतलं, आणि सगळे त्याच्याकडे बघत राहिले. त्याने ओठ पुसले. त्याला लागलं होतं, हे सगळ्यांना दिसलं.

"हे कशानेही असू शकतं," तो हळूच म्हणाला. पण फोल्डर त्याने पुढे सरकवला नाही.

आग्नेलने पेन खिशात ठेवलं. "मी सही नाही करणार," तो म्हणाला. "मांडव अंगणातच घालू. माणसं कमी बोलावू."

"चारशेची दोनशे कर," व्हेरोनिका म्हणाली. "आपल्या नातेवाईकांपैकी निम्मे तसेही मला आवडत नाहीत."



तीन डंपरची माती मात्र काढायला कुणी आलं नाही. इमारतवाले म्हणाले, टाकायचं आमचं काम, उचलायचं नाही. सहा घरांच्या माणसांनी फावडी घेऊन दोन रविवार खपून जेवढी निघाली तेवढी काढली. तळाची बसली ती बसली. इमारतीचे पंप सुरूच होते. बुजवलेली दोन बावखलं कुणी पुन्हा खणायला तयार नव्हतं. त्यांच्यावर आता गाड्या उभ्या राहत.

जानेवारीत लग्न झालं. व्हेरोनिकाने बाटल्या टेबलावर मांडल्या, यंदाच्या, अजून गाळायच्या राहिलेल्या बरण्यांमधून भरून, साखर न घालता, जशी होती तशी. पाहुणे वसईहून आले, उमेळ्याहून आले. प्यायले. "वा मावशी, यंदा जरा वेगळी, पण सुंदर!" म्हणाले. उमेळ्याच्या एका म्हातारीने कानाशी येऊन विचारलं, "यंदा साखर नाही घातली वाटतं?" म्हणजे तिला माहीत होतं. चारही वर्षं.

दिनानाथला बोलावणं होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, पेला हातात धरला, आणि डायना व तिच्या नवऱ्याच्या नावाने उचलून एका दमात रिकामा केला. मग व्हेरोनिकाकडे बघून मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिने विचारलं नाही.

संध्याकाळी, पाहुणे पांगल्यावर, डायना साडीचा पदर कमरेला खोचून न्हाणीच्या मागे आली. हातात तीच जुनी, रिकामी बाटली. धुतलेली. त्यात यंदाची वाईन गळ्यापर्यंत भरलेली.

"ही कुणाची?" व्हेरोनिकाने विचारलं.

"कुणाची म्हणजे? माझ्या लेकीची. होईल तेव्हा होईल. रीत मोडायची नाही."

व्हेरोनिकाने मेणबत्ती पेटवली, बुचावर मेण ओघळू दिलं. वाळू उकरली. वाळू पूर्वीसारखीच ओली होती. तिने सवयीने चिमूटभर जिभेला लावली आणि थुंकली.

"आजी," डायना म्हणाली, "तिच्या लग्नात ही फोडली की तिलापण खारट लागेल ना?"

व्हेरोनिका बाटली आडवी ठेवून वर वाळू ओढत होती. पलीकडे बावखलाच्या कोपऱ्यात, बसलेल्या मातीवर पाणी चढलं नव्हतं. आज पौर्णिमा होती. उधाण.

"खारट लागलं तर बरं, बये," ती म्हणाली. "तोवर ह्या पाण्यालाच कुणी गोड म्हणू नये, एवढं देवाकडे माग."